जुनी स्टिल ०७० चेनसॉ पुन्हा उभी करताना : कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५

आरामशीनवाल्या काकांची स्टिल कंपनीची ०७० चेनसॉ (लाकूड कापायची साखळीची करवत) आजपासून कामाला घेतली. १०६ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५८ मिमी, स्ट्रोक (पिष्टनची चाल) ४० मिमी, क्रँककेस (सिलिंडरखालची, क्रँक फिरतो ती पेटी) मॅग्नेशियमची. १९५९ साली निघालेल्या कॉन्ट्रा मॉडेलच्या वंशातली ही मशीन. हिला चेन ब्रेक नाही, हँडलखाली रबरी गाद्या नाहीत. आमच्या नागभीड भागात अशा मशिनी किलोच्या भावाने भंगारात जाताना मी पाहिल्या आहेत आणि दर वेळी जीव तुटला आहे, म्हणून या नोंदी सविस्तर ठेवतो. ज्याच्या घरी अशी एखादी पडून असेल त्याने ती विकण्याआधी हे वाचावं.

काकांची तक्रार अशी : "थंडी असली का बराबर चालते. गरम झाली का आपोआप बोंबलते, रेस कमीच होत नाही. मंग बसते ते बसतेच." या तीन वाक्यांत अर्धं निदान आहे. गरम झाल्यावर आपोआप रेस वाढणं म्हणजे इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतं आहे आणि पेट्रोल कमी पडतं आहे.

काय काय नाही : एअर फिल्टर नाही, स्टार्टरची दोरी नाही, चेन नाही. बार, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी, गंजलेला. मागच्या हँडलचा कान तडकलेला. कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू आधीच्या मिस्त्रीने अडीच-अडीच फेरे उघडून ठेवले होते. पेट्रोल कमी पडतंय हे त्यालाही कळलं होतं, पण हवा कुठून शिरते ते न शोधता त्याने पेट्रोल वाढवलं.

सायलेन्सर काढून टॉर्च मारला. पिष्टनवर एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे, सिलिंडरवर राखाडी पट्टे. काका म्हणाले, "नवा पिष्टन-सिलिंडर टाकून दे ना भाऊ, ऑनलाइन भेटते म्हणतात." भेटतो, पण हवेची गळती तशीच राहिली तर नवाही असाच जळेल. म्हणून अजून काहीच मागवलं नाही.

१४ ऑक्टोबर

मशीन उघडायच्या आधी दाब तपासणी. हे काम सगळ्यात आधी करायचं, कारण एकदा क्रँककेस उघडली की गळती कुठे होती ते कधीच कळत नाही.

दाब तपासायचा खास पंप महाग येतो. मी मेडिकलमधून बीपी मोजायच्या मशीनचा फुगा आणि घड्याळ घेतलं, ३५० रुपये. त्याचं घड्याळ ३०० पर्यंत जातं, म्हणजे साधारण ०.४ बार (हे दाबाचं माप). क्रँककेस तपासायला तेवढा दाब पुरतो. जुन्या प्लगची चिनी माती फोडून काढली, आतल्या पोकळीत पितळी नळी बसवून डाग दिला आणि फुग्याची रबरी नळी त्यावर चढवली. हा प्लग सिलिंडरला कसला. पिष्टन खाली आणला, म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेस आतून एक होतात. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची जागा सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि पट्ट्या लावून बंद केली. कार्बोरेटरच्या जागी मोठ्या तोंडाशेजारी पल्सचं, म्हणजे क्रँककेसमधल्या दाबाचे हिसके कार्बोरेटरला पोचवणारं एक बारीक छिद्र असतं, तेही झाकलं गेलं पाहिजे. ते उघडं राहिलं तर तिथूनच हवा जाते आणि माणूस भलत्याच जागी गळती शोधत बसतो.

३०० पर्यंत हवा भरली. काटा डोळ्यांदेखत खाली आला. सर्फचा फेस लावत गेलो. सिलिंडरच्या बुडाशी काही नाही, क्रँककेसच्या जोडावर काही नाही. फ्लायव्हीलच्या मागे मात्र फेस फुगत राहिला. त्या बाजूचं ऑइल सील, म्हणजे क्रँकभोवती हवा अडवणारी रबरी कडी, मेलेलं आहे. क्लचच्या बाजूला फेस हळू, पण आहे.

तर गोष्ट अशी झाली : सील वाळलं, हवा शिरली, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ झालं, पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही त्याच मापात कमी झालं, पिष्टन तापून फुगला आणि घासला. शंभर-सव्वाशेच्या सीलने पिष्टन खाल्ला.

१५ ऑक्टोबर

खोलाखोल. क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडली आणि पिष्टन तिच्यावर टेकवला. लोखंडी सळई आत घालून पिष्टन अडवू नये, त्याच्या डोक्याला भोक पडतं. क्लचचा आटा उलटा, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. तो सरळ समजून जोर लावला की आटेच जातात.

फ्लायव्हील ठोकून काढायचं नाही. लेथवाल्याकडून तीन बोल्टचा पुलर करून घेतला, जुन्या ट्रॅक्टरच्या पट्टीतून, त्यामुळे पैसे लागले नाहीत. पुलर ताणून ठेवला आणि मधल्या बोल्टच्या डोक्यावर एक हलका ठोका दिला. निघालं.

प्रत्येक भाग निघाला की व्हर्नियरने मोजून वहीत लिहिला : सीलचं आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. बेअरिंगच्या कड्यावरचा नंबर. पिष्टन पिनचा व्यास आणि लांबी. रिंगेची जाडी, खाचेची रुंदी. सर्कलिपच्या, म्हणजे पिन जागेवर धरणाऱ्या कडीच्या तारेची जाडी. या कामात वहीचं पान हत्यारांइतकंच उपयोगी आहे. "०७० चं सील द्या" म्हटलं तर इथला कोणताही दुकानदार नाही म्हणेल, आणि ते खरंच आहे. "आतून इतकं, बाहेरून इतकं, जाडी इतकी" म्हटलं तर तो उठून डबा काढतो. त्याच मापाचं सील कुठल्या तरी पंपात, कुठल्या तरी स्कूटरमध्ये लागत असतंच.

जुना एकही भाग फेकला नाही. बाजारात जाताना तेच बरोबर न्यायचे आहेत.

२७ ऑक्टोबर

दिवाळीत दुकानं बंद. त्यात धानाची कापणी सुरू झाली, थ्रेशरचे पट्टे आणि बेअरिंगं घेऊन लोक येऊ लागले, ही मशीन कोपऱ्यात राहिली. आज सिलिंडर हातात घेतला.

ही नोंद नीट वाचावी, कारण चांगले सिलिंडर इथेच वाया जातात. हा सिलिंडर अॅल्युमिनियमचा आहे आणि आतून हार्ड क्रोमचा मुलामा आहे. लुनाचा लोखंडी सिलिंडर असतो तसा हा बोअर करून मोठा करता येत नाही, होनिंगचा दगडही यावर चालवायचा नाही. आत दिसणारे राखाडी पट्टे बहुतेक वेळा सिलिंडरवरचे ओरखडे नसतातच. पिष्टनचं अॅल्युमिनियम वितळून क्रोमवर चिकटलेलं असतं. ते काढलं की खाली क्रोम शाबूत सापडतं.

काढायला मिस्त्री लोक संडास साफ करायचं अॅसिड वापरतात. ते हायड्रोक्लोरिक असतं आणि क्रोमलाही खातं. या सिलिंडरला कॉस्टिक सोडा लावायचा. तो अॅल्युमिनियम खातो, क्रोमला हात लावत नाही. पण मुलामा जिथे उडालेला असेल तिथे तो खालच्या सिलिंडरच्या धातूलाही खाईल, म्हणून आधी नखाने आणि भिंगाने तपासायचं. पोर्टच्या कडांना मुलामा पातळ असतो, तिथे थेंबही जाऊ द्यायचा नाही.

अर्धा कप पाण्यात दोन चमचे कॉस्टिक घातलं. पाणी आधी, कॉस्टिक नंतर, उलटं नाही. रबरी हातमोजे, चष्मा, आणि काम उघड्यावर, कारण यातून हायड्रोजन निघतो. कानातल्या काडीला कापूस गुंडाळून फक्त राखाडी पट्ट्यावर लावलं. फेस आला, म्हणजे अॅल्युमिनियम आहे. मिनिटभराने पुसलं, परत लावलं. जिथे फेस यायचा थांबला तिथे थांबलो. भरपूर पाण्याने धुतलं, वाळवलं, बारीक स्कॉचब्राइटने आडवंतिरपं हलकं घासलं. भाचा मागे उभा राहून पाहत होता, म्हणाला, "मामा, आरसा निघाला ना जी आतून."

एक्झॉस्ट पोर्टच्या खाली एक रेघ राहिली. नख अडकत नाही. हा सिलिंडर परत वापरणार. कंपनीचा जुना सिलिंडर आणि नवा पिष्टन ही जोडी मला पूर्ण नव्या नकली संचापेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण नकली सिलिंडरात पोर्टच्या कडा धारदार सुटलेल्या असतात आणि मुलाम्याचा भरवसा नसतो.

३० ऑक्टोबर

उमरेडच्या रस्त्याने एसटीने नागपूर. थैलीत जुने भाग, वही, व्हर्नियर.

इतवारीच्या लोहाओळीतून सुरुवात केली. बेअरिंगच्या दुकानात कड्यावरचा नंबर दाखवला, दोन्ही बाजूंची बेअरिंगं लगेच मिळाली, ६४० रुपये. नंबरापुढे सी-३ लिहिलेलं असलं पाहिजे. त्याचा अर्थ आतली फट थोडी जास्त, तापल्यावर जाम होऊ नये म्हणून. दुकानदार साधं देऊन "तेच आहे" म्हणतो, तेच नसतं. खोक्यावर पाहू नका, कड्यावर कोरलेलं पाहा.

सील दोन दुकानांत मिळालं नाही. तिसऱ्यात पहिल्याच डब्यात मापाचं निघालं, जोडीचे १६० रुपये. साधं काळं नायट्राइल आणि तपकिरी व्हिटॉन दोन्ही होती, तपकिरी घेतली. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, साधं रबर त्यात फुगतं आणि मग कडक होतं. सीलच्या ओठामागची बारीक गोल स्प्रिंग जागेवर आहे ना, तेही दुकानातच पाहून घ्यावं.

सर्कलिप तारेच्या जाडीवरून मिळाल्या, ४० रुपये. पिष्टनच्या संचात सर्कलिप येतात, पण स्वस्त संचातल्या मऊ असतात. एक जरी निसटली तरी सिलिंडर गेला. चाळीस रुपयांत ही काळजी मिटते.

पिष्टन नागपुरातही मिळाला नाही. आज बाजारात "०७०" नावाने जे मिळतं ते बहुतेक या मशीनच्या नकलांसाठी बनलेलं असतं. पिष्टन, दोन रिंगा आणि पिन ऑनलाइन मागवलं, १,४५० रुपये. मागवण्याआधी विक्रेत्याला पिनचा व्यास आणि पिनपासून पिष्टनच्या डोक्यापर्यंतची उंची विचारली. ज्याने मोजून सांगितलं त्याच्याकडून घेतलं. "फिट होतंच" एवढंच म्हणणाऱ्याकडून नाही.

६ नोव्हेंबर

पिष्टन आला. पिन बरोबर, उंची बरोबर. सोनाराच्या काट्यावर जुना आणि नवा तोलले, फरक किरकोळ. रिंगेची जाडी खाचेत बसते.

रिंगेची फट मात्र बसली नाही. रिंग सिलिंडरात घालून पिष्टनने सरळ खाली ढकलली आणि फिलर गेज घातलं. ०.१ सुद्धा जाईना. ५८ मिमीच्या बोअरला साधारण ०.२५ हवी. फट कमी असली तर तापल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बाहेर फुगते आणि क्रोम ओरबाडते, नाहीतर तुटते. टोकं बारीक सपाट कानशीने, एकाच दिशेने, थोडी थोडी घासली. दर दोन-तीन हातांनंतर परत मोजलं. कडांवरची बुरी तेलाच्या दगडावर काढली. टू स्ट्रोकच्या खाचेत रिंग फिरू नये म्हणून पिन असते, रिंगेच्या टोकांना तिच्यासाठी कोरलेलं असतं. टोक घासल्यावर ती कोर पिनेवर नीट बसते का ते पाहावं. या दोन रिंगांनी अख्खी दुपार घेतली. पण नवा संच डोळे मिटून घालणाऱ्याची मशीन पहिल्या टाकीतच जाते ती याच ठिकाणी.

९ नोव्हेंबर

हँडलचा तडकलेला कान. क्रँककेस खरंच मॅग्नेशियमची आहे का ते पाहायला चायनीजच्या गाडीवरून व्हिनेगर आणलं. घासून चकचकीत केलेल्या जागेवर थेंब टाकला, बुडबुडे आले. अॅल्युमिनियमला येत नाहीत.

तालुक्याच्या एका आरगॉन वेल्डिंगवाल्याने त्याच्याकडच्या अॅल्युमिनियमच्या रॉडने टाका मारून पाहिला. थंड होता होता टाक्याच्या कडेने नवी तडक गेली. मॅग्नेशियमला मॅग्नेशियमचाच रॉड लागतो, तो इथे कोणाकडे नाही. ४०० रुपये गेले.

मग वेल्डिंगचा विचार सोडला. ४ मिमीची अॅल्युमिनियम पट्टी कानाच्या आकारात वाकवली, दोन्ही बाजूंनी बसवली आणि आरपार सहा मिमीचे बोल्ट टाकले. तडक पुढे धावू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक भोक पाडलं. पट्टी आणि बॉडीच्या मध्ये रेड ऑक्साइडचा हात दिला, कारण दोन वेगळे धातू उघडे भिडले की पावसाळ्यात मॅग्नेशियम कुजतं. सामान २५० रुपये. दिसायला साधं आहे, पण मी दोन्ही हातांनी पूर्ण वजन टाकून पाहिलं, हललं नाही.

मॅग्नेशियमचा कीस जपून. भोकं पाडून झाल्यावर सगळा कीस झाडून लगेच दुकानाबाहेर नेला आणि ग्राइंडर त्या दिवशी चालवलंच नाही. हा कीस पेटला तर पाणी टाकायचं नाही, आग भडकते. कोरडी वाळू जवळ ठेवावी.

१३ नोव्हेंबर

क्रँककेसची जुळणी. बेअरिंग ठोकून बसवणं या धातूला सोसत नाही. शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये बेअरिंगं रात्रभर ठेवली. क्रँककेसचं एकेक अर्धं उलट्या ठेवलेल्या इस्त्रीवर तापवलं. पाण्याचा थेंब चर्र करून उडतो तेवढं तापलं की बेअरिंग हाताने दाबलं तरी बसतं. गॅसच्या ज्योतीवर तापवू नका. ज्योत एका जागी लागते, केस वाकते, आणि हा धातू आगीशी खेळायचा नाही.

सीलच्या ओठाला ग्रीस. क्रँकच्या चावीच्या खाचेची कड धारदार असते, तिच्यावरून सरकताना नवं सील चिरतं. खाचेवर कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या प्लास्टिकची पुंगळी घातली, तिच्यावरून सील सरकवलं आणि मग पुंगळी ओढून घेतली. जोडाचं पॅकिंग जुन्याच्याच जाडीच्या कागदातून कापलं. जाडी बदलली की क्रँकचा आडवा खेळ बदलतो.

मग परत फुगा. ३०० वर काटा थांबला. चहा पिऊन आलो, तिथेच. पण हे अर्धंच झालं. आतला दाब सीलचा ओठ क्रँकवर आणखी घट्ट बसवतो, म्हणून दाबाला टिकलेलं सील ओढीला फसवू शकतं. फुग्याचे झडप-वॉल्व्ह उलटे बसवून आतली हवा ओढली, नळी चिमट्याने बंद केली आणि तासाभराने चिमटा पुन्हा ढिला केला. फुस्स करून हवा आत गेली, म्हणजे ओढ टिकलेली होती. आता जीव शांत.

१६ नोव्हेंबर

इग्निशन. ही मशीन पॉइंटची आहे, म्हणजे दोन धातूचे संपर्क उघडले की ठिणगी पडते. पॉइंट जळलेले, कंडेन्सर फुगलेला. पॉइंट नागपुरातून मापाने आणले. कंडेन्सर लुनाचा, आमच्या बाजारातल्या जुन्या दुचाकी मिस्त्रीकडून. दोन्ही मिळून २६० रुपये. कंडेन्सरच्या बाबतीत नाव महत्त्वाचं नाही. ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडचा पॉइंट इग्निशनचा कोणताही चालतो, फक्त तो घट्ट बसला पाहिजे आणि त्याच्या बॉडीचं अर्थिंग पक्कं पाहिजे. लुनाचा आकार वेगळा, म्हणून पट्टीची एक क्लिप करून बसवला.

पॉइंट पूर्ण उघडतात तिथे ०.४ मिमी. ते नेमके कधी उघडतात हे पाहायला बिडीच्या बंडलवरचा पातळ कागद पॉइंटच्या मध्ये धरला आणि फ्लायव्हील हळू फिरवलं. कागद सुटला ती उघडायची वेळ, ती फ्लायव्हीलवरच्या खुणेशी जुळली पाहिजे. नवे पॉइंट बसवल्यावर ते पेट्रोलच्या चिंधीने पुसावेत, त्यांना गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं आणि तेवढ्याने ठिणगी जाते. नवा प्लग १४० रुपये, फट ०.५. ठिणगी निळी, टप्प असा आवाज.

२० नोव्हेंबर

कार्बोरेटर टिलोटसनचा. आत डिंकासारखं घट्ट झालेलं पेट्रोल, डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) पत्र्यासारखा ताठ. किट ४८० रुपये. बॉडीवर आधी गॅस्केट, मग डायफ्रॅम, आधीच्या मिस्त्रीने उलटं बसवलं होतं. सुईचा लिव्हर चेंबरच्या तळाशी समपातळीत ठेवला. वर उचललेला राहिला तर पेट्रोल वाहतं, खाली गेला तर भूक लागते. भोकं साफ करायला तार घालायची नाही, पेट्रोल आणि हवेचा फवाराच.

पेट्रोलची एक सोपी परीक्षा सांगतो. १०० मिलीच्या खुणेच्या नळीत ८० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी घालायचं, हलवायचं, ठेवून द्यायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. आमच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये तो ३५ च्या आसपास गेला, म्हणजे जवळजवळ वीस टक्के. ही मशीन बनली तेव्हा असं पेट्रोल कोणाच्या डोक्यातही नव्हतं. म्हणून पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणारी टाकली, १२० रुपये. आणि काकांना नियम घालून दिला : काम संपलं की टाकी रिकामी करायची आणि कार्बोरेटरमधलं संपून मशीन स्वतः बंद पडेपर्यंत चालवायची. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी तळाशी बसतं, आणि हा सगळा खर्च पुढच्या हंगामात परत उभा राहतो.

पेट्रोल-ऑइलचं मिश्रण एका लिटरला ४० मिली टू-टी (टू स्ट्रोकचं) ऑइल, म्हणजे १ : २५.

२३ नोव्हेंबर

बार आणि चेन. बारच्या कडा पसरलेल्या होत्या, सपाट कानशीने काटकोनात आणल्या, खाच साफ केली. नवा बार घ्यावा लागला नाही.

चेन घेताना तीन मापं लागतात. सलग तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून त्याला दोनने भागायचं, ते पिच. इथे अंतर २०.५ मिमीच्या आसपास येतं, म्हणजे ०.४०४ इंच. दुसरं, खाचेत चालणाऱ्या दात्याची जाडी, १.६ मिमी. तिसरं, अशा दात्यांची संख्या. ती बारच्या लांबीवरून अंदाजाने सांगू नये. बारवर दोरी गुंडाळून लांबी घेतली आणि दुकानदाराने रिळावरून तेवढी कापून रिव्हेट केली. १,९०० रुपये. या चेनला ५.५ मिमीची गोल कानस. सागात सिलिका असते, धार फार लवकर मरते, म्हणून सागावर काम असेल तर टाकी भरायच्या वेळी प्रत्येक दाताला दोन हात मारावेतच.

एअर फिल्टर ३०० रुपये, स्टार्टरची दोरी ६०. फिल्टरशिवाय एक मिनिटही चालवायची नाही. आरामशीनच्या आवारातला भुसा आणि क्रोमचा सिलिंडर यांचं जमत नाही.

२६ नोव्हेंबर

चालू झाली. दोन्ही स्क्रू एकेक फेरा उघडे ठेवून दोरी ओढली, आधी एक भपका, मग धरली. आवाज सगळ्या वस्तीत गेला. काका आरामशीन बंद करून धावत आले.

ट्यूनिंग गरम झाल्यावरच. पूर्ण रेसला मोकळ्या हवेत आवाज थोडा घोगरा, तुटक आला पाहिजे, आणि बार लाकडात गेला की तोच आवाज स्वच्छ झाला पाहिजे. मोकळ्यावरच जो गोड, तीक्ष्ण आवाज कानाला छान वाटतो तो पिष्टन जळण्याचा आवाज आहे. इथेनॉलच्या पेट्रोलला मिश्रण थोडं जास्त जाड, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं लागतं, म्हणून पूर्ण रेसचा स्क्रू आणखी थोडा उघडला. रेस सोडल्यावर चेन जागेवर थांबते का ते पाहिलं. थांबली. गरम झाल्यावर पूर्ण रेस देऊन सोडली, रेस लगेच उतरली. हेच पाहायचं होतं.

चेनचं तेल : बारचं टोक जुन्या पुठ्ठ्याकडे धरून रेस दिली, तेलाची रेघ उमटली. काका आधी ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑइल टाकायचे, ते बंद करायला सांगितलं. त्यातला लोखंडाचा बारीक कीस पंप खातो आणि ते अंगावर, तोंडावर उडतं.

आवारातला आंब्याचा जुना ओंडका कापून पाहिला. जाड भुसा, सरळ काप, दाबावं लागत नाही. काकांच्या गड्याने मशीन मागितली तेव्हा मी दिली नाही. चेन ब्रेक नसलेल्या मशीनचं टोक लाकडाला लागून उसळलं तर ती थेट मानेवर येते. ज्याने आधी ब्रेकवाली छोटी मशीन नीट चालवली आहे आणि जो बारच्या टोकाने कधी कापत नाही, त्यानेच ही हातात घ्यावी. हँडलला गाद्या नसल्याने हात लवकर बधिर होतात, म्हणून एका टाकीनंतर विश्रांती. काकांनी हे मान्य केलं, तेव्हाच मशीन नेऊ दिली.

३० नोव्हेंबर

काही टाक्या चालवून मशीन परत पाहायला आणली. प्लगचा रंग विटकरी तपकिरी. सिलिंडरचे बोल्ट थंड असताना परत कसले, दोन जरा हलले होते. हँडलच्या पट्ट्या जागच्या जागी. सायलेन्सर काढून पिष्टन पाहिला, ओरखडा नाही.

सामानाचा सगळा खर्च ६,५५० रुपये, एसटीचं भाडं आणि माझी मजुरी वेगळी. यातले आरगॉनचे ४०० वाया गेलेले आणि बीपीच्या फुग्याचे ३५० पुढच्या कामांनाही येतील. सगळ्यात जास्त वेळ भाग शोधण्यात आणि ऑनलाइनच्या वाट पाहण्यात गेला, हातचं काम त्यामानाने थोडं.

राहिलेलं : स्टार्टरची स्प्रिंग थकली आहे, दोरी शेवटची वीतभर ओढून घेत नाही. तिच्या पट्टीची रुंदी आणि जाडी वहीत आहे, पुढच्या नागपूरच्या फेरीत पाहतो. सीलची एक जोडी जास्तीची आणून मापाच्या चिठ्ठीसह काकांच्या हत्यारपेटीत ठेवली आहे. पावसाळ्याआधी मशीन परत ३०० च्या दाबावर धरायची आणि काटा हलला तर आधी सील, मगच कार्बोरेटरच्या स्क्रूला हात.